चुना

सोहारच्या दवाखान्यात डॉक्टर हातेम
पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, कॅल्शियम.
बीनामोल सिस्टरने हिंदीत सांगितलं, चुना.
दोन्ही किडन्यांत.
एखादा खडा असता तर निघाला असता,
हा आत सांडलाय, कणाकणाने,
खरवडता येत नाही.

मी हसलो. हसायला नको होतं.
पण चुना लावून घ्यायची सवय जुनी माझी:
आधी पायधुणीच्या एजंटाने,
मग दोन पगार बुडवून पाटी बदलणाऱ्या कंपनीने.
हा तिसरा. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असतात, शोधू.
मला एक ठाऊक होतं.

क्रेन बासष्ट मीटर. शिडीला दोनशे चार पायऱ्या.
लघवीला उतरून परत चढायला चाळीस मिनिटं,
फोरमन घड्याळ लावून बसायचा.
म्हणून सकाळी अर्धा कप सुलेमानी,
आणि दुपारपर्यंत जीभ टाळूला.
सीटमागे एक रिकामी बाटली असायची.
तिच्याबद्दल आम्ही कुणी बोलत नाही.
समोर समुद्र, अख्खा.

कळ आली तेव्हा हुकाला नऊ पाईप होते.
कमरेतून जांघेत, पेटती वात ओढावी तशी.
खाली माणसं. दांडा सोडला नाही,
वीतवीत उतरवले.
वॉकीटॉकीवर गुलरेज म्हणाला, शाबाश उस्ताद, मक्खन.
मग ओकलो.

बाबा चिरेखाणीवर होते, लांज्याकडे.
म्हणायचे, जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊच असतो,
वारा-ऊन खाऊन टणक होतो.
कौतुकानं म्हणायचे.

रात्री नमूचा फोन. काय म्हणाला डॉक्टर?
पाणी पी म्हणाला. मीठ कमी.
एवढंच? तिनं सुस्कारा सोडला.
मग सुके बांगडे नको ना पाठवू
रेवाळ्यांच्या पोराबरोबर? बांधून ठेवलेत.
पाठव, म्हटलं. गुलरेज खाईल.
क्रिएटिनिनचा आकडा सांगितला नाही.
पाय सुजतात, रात्री चारदा उठतो, तेही नाही.
नोव्हेंबरात व्हिसाचं मेडिकल आहे,
ते तिला तारखेसकट पाठ आहे.

आता सीटमागे दोन बाटल्या नेतो.
एक भरलेली.
फोरमन खालून बघतो, मी दर तासाला
मान मागे टाकून पितो,
आणि गरज लागली की उतरतो,
सगळ्या दोनशे चार, मोजत,
सावकाश.