चालू स्थितीत

हिरेमठबाईंनी पेन्सिलीनं गोल केला कलम अकराभोवती:
उत्पादनाचा फोटो, चालू स्थितीत.
म्हणाल्या, बाकी सगळं बरोबर आहे.

बाकी सगळं म्हणजे
आयात-निर्यात कोड, बँकेचं पत्र,
स्टॉलच्या भाड्याची दिरहॅममधली पावती
आणि नायनांचा बोर्डिंग पास,
जो चार महिने मार्कंडेयाच्या तसबिरीमागे होता,
कारण सरकारला अस्सल लागतो,
झेरॉक्स चालत नाही.
तो दिला तर खर्चाचा मोठा वाटा परत.
उदबत्तीचा वास येतोय, बाई म्हणाल्या,
आणि टाचणी लावली.

आमच्या शेडमध्ये आधी माग होते.
बारा माग किलोवर विकले तेव्हा लेथ आली, भट्टी आली.
जिथं कापसाची तूस उडायची तिथं पितळेचा कीस उडतो.
अजून एखाद्या नळाच्या आट्यात
निळा धागा सापडतो,
कुठल्या चादरीचा, देव जाणे.

दुबईला नायनांनी नळ नेले
टॉवेलात गुंडाळून, एकेक, न्हाऊ घातलेल्या पोरांसारखे.
पहिल्या गिऱ्हाइकानं भाव विचारला
टॉवेलाचा.

स्टॉलवर नळ दिवसभर वाहता ठेवायचा असतो.
खालच्या टाकीतलं तेच पाणी फिरून वर,
वाया काही जात नाही, आयोजकांनी दोनदा समजावलं.
नायना मान डोलवायचे
आणि दर दहा मिनिटांनी बंद करायचे.
हात जायचाच.

मस्कतच्या एका बिल्डरनं विचारलं,
काही वर्षांनी गळणार तर नाही?
नायना म्हणाले, माझ्या घरी हाच आहे, अकरा वर्षं झाली.
पाणी येतं पाचव्या दिवशी, दीड तास.
आता तुम्हीच ठरवा तो किती जुना.
बिल्डर खूप हसला, चारशे नग लिहून घेतले.
नायनांनी विनोद केला नव्हता.
मी नंतर हिशेब मांडला, पावतीच्या पाठीमागे:
पन्नास दिवस.
आमचा नळ अजून दोन महिन्यांचाही नाही.

तर, चालू स्थितीत.
अर्जाची शेवटची तारीख गुरुवार.
पाण्याची पाळी शुक्रवारी पहाटे, तीनला.

गुरुवारी सकाळी इलाही पत्र्यावर चढला,
पॉलिशवाला इलाही, गुडघा दुखतो तरी.
विकतच्या पाण्याचे दोन जार वर ओढले दोरीनं,
पाइपाच्या तोंडात नरसाळं खोवलं,
आणि ओरडला, ताई, तयार?
खाली नायनांनी घमेलं धरलं.
धार आली. खरोखरच्या पाण्यासारखी आली.
मी चार फोटो काढले. नायना म्हणाले, बास.
घमेल्यातलं पाणी परत जारमध्ये गेलं,
थोडं इलाही प्याला.

फोटोत नळ चमकतोय, धार सरळ आहे.
पत्र्यावरचा माणूस दिसत नाही.

बाईंनी चष्मा वर केला, फोटो जवळ धरला, बराच वेळ.
तुम्ही अशोक चौकाकडचे ना?
हो.
आज तर तुमची पाळी नाही.
मी काही बोलले नाही.
त्याही काही बोलल्या नाहीत, शिक्का शोधत राहिल्या,
सापडला तेव्हा शाई वाळली होती,
त्यांनी तो तोंडाजवळ नेऊन हाः केलं
आणि उमटवला.

पैसे कधी येतील, विचारलं नाही.

पहाटे तीनला गल्ली उठली.
नीळ्ळु वच्चिनय्, पलीकडून नीरु बंतु,
इलाहीच्या आईचा आवाज, पानी आया रे.
मी हंडे लावले, पिंपं लावली, कुकरसुद्धा लावला.
नायना शेडमध्ये दिवा लावून बसले होते
खोक्यांवर पट्ट्या चिकटवत.

आम्ही नळ तपासतो हवेनं.
साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तर गळका,
नाही आला तर पास.
चारशे पास झाले.
पाणी कसं असतं
ते त्यांना मस्कतला कळेल.