गुरुवार

पाणी नाही, वीज दुपारनंतर.
धायरीतला गुरुवार.
ड्रॉइंगशीटवर तोच शंकू मी तिसऱ्यांदा खोडतेय
आणि शार्दूल माझी टू-एच पेन्सिल
कानात घालून घरभर फिरतोय.

बाबा दर अर्ध्या तासाने दारात:
"किती राहिलं?"
जणू मी दूध आहे, उतू जाईन.

पानसेकाकूंना एक बादली हवी.
मीच उचलून देते.
ओल्या हाताचा एक थेंब,
बरोब्बर शंकूच्या टोकावर.

ओरडणारच होते, तर स्वयंपाकघरातून
कढलेल्या तुपाचा वास,
आणि आई, हळूच:
"बेरी आहे. साखर टाकलीये. त्याला सांगू नकोस."

पातेलं मांडीत घेऊन खरवडतेय.
वीज आली वाटतं. पंखा फिरला,
आतल्या खोलीत शीट उडाल्याचा आवाज.

उडू दे.
कडेला अजून थोडी आहे.