हितसंबंध

रबरी शिक्के करतो मी, उदगीरला, चौबाऱ्याजवळ.
उलटी अक्षरं कोरायची, जगाला सुलटी दिसावीत म्हणून.
खोली सात बाय नऊ, भाडं आठशे.
एक तारखेला हालकुडे अप्पा यायचे,
स्टुलावर बसून नोटा दोनदा मोजायचे,
वहीत सही ओढायचे एका झटक्यात.

ज्येष्ठात अप्पा गेले.
महिना भरायच्या आत पुतण्या आला, बसवंत, मृत्युपत्र घेऊन.
"इस्माईलभाई, भाडं आता माझ्याकडं.
पावतीला शिक्का करून दे."
करून दिला: मालक, गाळा नंबर चार.
पुढच्या सोमवारी भालकीहून लेक आली, सुलोचनाबाई.
वारस दाखला होता तिच्याकडं.
तिलाही शिक्काच पाहिजे होता.
तोही केला.
शुद्धलेखन दोन्हींचं बरोबर.

मग नोटिसा, दोन वकिलांच्या, एकाच टपालात:
त्यांना द्याल तर आम्हाला पुन्हा द्यावं लागेल.
बायको म्हणाली,
"देनारा एक आन् घेनारे दोन,
ह्यात आपला गुन्हा कोनता?"

चिल्लरगे वकील हसले. इंटरप्लीडर टाकू म्हणाले.
पैसे कोर्टात भर आन् बाजूला सरक,
त्यांचं ते भांडत बसतील.

साहेबांनी विचारलं,
या रकमेत तुमचा काही हितसंबंध?
शपथेवर म्हणालो, नाही.
पावती तेवढी पाहिजे.
मिळाली.
शिक्का पुसट, 'न्यायालय'मधला या झिजलेला,
पॅडची शाई वाळलेली.
मी काही बोललो नाही.

वही आता कोर्टात आहे, निशाणी सात.
इकडं पत्रा गळतो.
बसवंत म्हणतो, निकाल लागू दे.
बाईही तेच म्हणते.
भाड्याला दोघं, गळतीला कोणी नाही.
बादली माझी.

परवा कोर्टाच्या व्हरांड्यात सुलोचनाबाईंनी हळूच विचारलं,
"अप्पा काय बोलायचे हो तुमच्याकडं बसून?"
म्हणालो, काही नाही. उन्हाचं.
तुमच्या पोराच्या शाळेचं.

एक सांगितलं नाही.
मोजून झालं की त्यातली दहाची नोट
ते माझ्याकडं सरकवायचे.
"दोन कप सांग."
शपथ घेताना हेच दहा रुपये आठवले होते.

कोर्टात मी आठशे भरतो, पुरते.
आज एक तारीख.
चलन भरून आलो, शटर वर केलं,
तर हॉटेलचा पोऱ्या सवयीनं दोन कप ठेवून गेला.
दुसरा कोणाचा,
त्यानं विचारलं नाही.