मधल्या बायका

सावद्याला एप्रिलातच नळाचं पाणी चटका देतं.
हेमूचं अंग मी पंच्यानं पुसत नाही, टिपते,
ओलं आहे तोवर मलम.
नडग्यांवर आधी, तिथं खवले दाट.

निंबादादाला आई वजरीनं घासायची.
केळीच्या बागेत तो दोनदा उन्हानं पडला,
घामच फुटत नव्हता.
लोक म्हणाले, आळशी.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा काढल्या:
दादाला आईकडून, हेमूला माझ्याकडून.
मधल्या बायकांच्या अंगावर खूणसुद्धा नाही.
घरी येऊन कितीतरी वेळ
मी माझा गुळगुळीत हात बघत बसले.

काल दादा आला.
"मामा, आंघोळ झाली की लगेच लावायचं,"
हेमूनं डबी उघडली.
पन्नाशीचा माझा भाऊ
पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन
ओट्यावर बसला. गप्प.