बेस

नकाशात लोड्झ लिहिलंय, लोक म्हणतात वूच.
पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं,
इथे छापलेलं एक आणि तोंडातलं दुसरं.

दूध म्हणून आणलेला खोका केफिर निघाला.
चहा फाटला.
रात्रपाळीहून आलेलो, उभ्यानेच
तो नासका चहा फुंकर घालून प्यालो,
कारण त्यात साखर तरी पडली होती.
(साखरच होती. चाटून पाहिली होती.)

मग चिप्स. हिरवं पाकीट, म्हटलं मिरची असेल.
शेपू निघाला.
शेपू! लहानपणी ताटाच्या कडेला सारलेला,
तो इथे बटाट्याला चिकटून
आधीच येऊन बसला होता, माझी वाट बघत.

अक्षरांना शेपट्या, डोक्यावर टिंबं, पोटात काटे.
मी एकच शब्द पाठ केला, बेस.
बेस म्हणजे विना.
विना मांस, विना अंडं.
तेवढ्या एका शब्दावर चार महिने जेवलो.

आमच्याकडे बेस म्हणजे झकास.
मामा बाजारात बैलाचे दात बघून म्हणायचा, बेस हाय.
इथे तोच शब्द हात झटकतो.

जूनमध्ये एक काळपट बाटली दिसली, चार्नी बेस.
चार्नी म्हणजे काळं, एवढं येत होतं.
फोनला विचारलं.
फोन म्हणाला, काळं विना.
काळं, पण विना काय?
बाटली उलटी केली. झाकणावर तारीख, तळाला काहीच नाही.
आणि लोक ते विना
साडेबारा झ्वॉटी मोजून घरी नेत होते.

गल्ल्यावरच्या ग्राझिनाबाईंना विचारलं, बेस काय?
त्या म्हणाल्या, बेस.
हो, पण बेस काय?
बेस!
मागे आमच्या गोदामातला ओस्ताप
बीअरचे कॅन छातीशी धरून हसत सुटला.
बाईंनी गल्ला बंद केला, रांग कुरकुरली,
माझी बाही धरून मला मागच्या दाराने
थेट कचऱ्याच्या पेट्यांपाशी नेलं.
तिथे एक झुडूप.
पांढऱ्या फुलांच्या ताटल्या, माश्या,
पानांना जरा मांजराचा वास.
बोट दाखवून म्हणाल्या, बेस.

म्हणजे विना नावाचं झाड.
आत्ता पांढरं, पुढे काळी फळं,
हे त्यांनी नखावर माप दाखवून
आणि माझ्या बुटांकडे बोट करून सांगितलं.

पाण्यात दोन चमचे घातलं.
जांभूळ नाही, करवंद नाही,
औषधाच्या आसपासचं काहीतरी,
ज्याला माझ्या जिभेवर अजून खण नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भुवया उडवल्या, कसं?
तोंडून निघून गेलं, बेस.
त्या खूश. हो हो, बेस.
मी सुटी नाणी मोजत राहिलो.
मागून ओस्ताप म्हणाला,
अरे, पण कशाविना?