डावा पाय

एसटीची पायरी चुकली ते साल आठवत नाही.
धाकटी तेव्हा दुसरीत होती, तिच्या फ्रॉकचं माप लक्षात आहे:
छाती बावीस, उंची सव्वीस.
घोटा सुजला, हळद-तुरटी लावली, उतरला.
मला वाटलं, मिटलं.
हाड मात्र विसरलं नव्हतं.

लातूरला, गंजगोलाईच्या पलीकडं, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर लोमटेबाईंनी फोटो उजेडावर धरला.
"प्रयागताई, इथली गादी गेली.
हाडावर हाड घासायलंय."
मला दिसला कोपरावर झिजलेला कोट,
अस्तर संपलेलं, नुसतं कापडावर कापड.

मग त्या सांगत गेल्या, टेबलावर बोटानं रेघा ओढत.
दुर्बीण घालून कडेची वाढलेली खुंटी घासता येईल.
म्हणजे रफू, मी म्हणाले. किती दिवस टिकंल?
त्या हसल्या. "कापड चांगलं असतं तर पुष्कळ."
नवा सांधा बसवता येतो, धातूचा, मध्ये प्लास्टिकची चकती.
पाय हालेल. पण तोही झिजतो, आणि पैसे...
त्यांनी आकडा सांगितला, मी मनात ब्लाउजांनी भागला:
अकराशे चाळीस ब्लाउज, अस्तरासकट.
नाहीतर दोन्ही हाडं तासायची, एकमेकांना टेकवायची,
तीन स्क्रू. सांधा कायमचा बंद.
"दुखणं जातं. हालणंही जातं."
दुहेरी टीप. उसवायची नाही अशी.

हे मला पटलं.
एकच विचारलं:
"पायमशीन चालंल का?"

बाई गप्प.
मग त्यांनी खुर्ची मागं सारली,
चप्पल काढली,
आणि टेबलाखाली, तिथं नसलेल्या पायडलवर
पाय दाबून बघितला. टाच, चवडा. टाच, चवडा.
बाहेर चाळीस पेशंट बसलेले,
त्या बराच वेळ मशीन चालवत राहिल्या.
"नाही हो," म्हणाल्या. "असं नाही जमायचं."

पोरगा तीन वर्षं म्हणायलाय, मोटर बसव.
मोटरला काय, सुटली की सुटली,
गळ्याच्या गोलाईवर जरा दम खा म्हणलं तर खात नाही.
शिवाय उदगीरची लाइट. तिच्याबद्दल नंतर कधीतरी.

पडद्यापलीकडं अहमदपूरचं एक लेकरू होतं,
भरतीसाठी पहाटे पळणारं, टाचेमागची शीर तटकन् तुटली.
"काकू, वाटलं कुणी मागून दगड मारला,
वळून बघितलं तर रस्ता मोकळा."
त्याची शीर शिवली. माझ्या शेजारी निलंग्याच्या एक बाई,
अंगठ्याचं बाहेर निघालेलं हाड कापून सरळ केलेलं.
नवी सँडल आधीच घेऊन आल्या होत्या,
खोक्यासकट उशाशी.

माझे टाके चौदाव्या दिवशी निघाले.
मोजले: सतरा. अंतर सारखं नाही,
एक तर चक्क ओढलेला.
माझ्या पोरींनी असं शिवलं असतं तर उसवायला लावलं असतं.
बाईंना म्हणाले, हात छान आहे हो तुमचा.

तीन महिने पाय उशीवर. जून हातचा गेला.
शाळेचे सगळे गणवेश मोमीनच्या दुकानात.
त्याच्या चेनी दिवाळीपर्यंत टिकत नाहीत, पण ते असो.

आता चालते. पाय जरा फेकत, पण चालते.
जिन्यात रात्री कण्हायचे, ते बंद झालंय.
मशीनवर बसले की उजवा खाली, पाटासारखा निवांत,
पायडलवर डावा एकटा.
चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो.
ओवते. पुन्हा उलटं.

नव्या पोरी शिकायला यायच्या तेव्हा मीच म्हणायचे,
आधी आठ दिवस बिनदोऱ्याची चालवा,
नुसतं चाक ऐका.

आज तिसरा दिवस.
दोरा काढून ठेवलाय.
ऐकायलेय.