गोटी सोडा

खोलीला खिडकी नव्हती.
शेफील्डच्या चढावरची प्रयोगशाळा, फेब्रुवारी,
चारलाच दिवे लागलेले.
बेथनीनं मास्कचा पट्टा डोक्यामागे आवळला, म्हणाली,
दोन श्वास घ्यायचे. एक साध्या हवेचा, एक दुसरा.
कुठला आधी, ते मलाही सांगितलेलं नाही.

पहिल्याला काही झालं नाही.
भिंतीवरचं आगीच्या वेळचं पत्रक वाचत बसले,
त्यात एक स्पेलिंग चुकलं होतं.

दुसरा
आत जाताना जिभेला आंबट लागला,
आणि मिरजेच्या एसटी स्टँडवरची ती हिरवी बाटली,
मानेत अडकलेली गोटी,
बापूंचा अंगठा. फट्.
तोच वायू, बेथनीनं नंतर सांगितलं.
पण या खेपेला बाटली मी होते
आणि अंगठा कुणाचाच नव्हता.

हात गार. ओठांना मुंग्या.
मेले, असं म्हणाले मी, मराठीत.
बेथनीनं घड्याळ बघून आकडा लिहिला.

पलीकडच्या खोलीत यशोधननं
तसल्याच टाकीतला तोच श्वास घेतला,
जिना चढल्यासारखं वाटलं म्हणाला,
आणि बिस्किट मागितलं.

नऊ वर्षं.
सासूबाई म्हणायच्या, रिकामपण.
मामींनी पाकिटातून अंगारा पाठवला.
डॉक्टरांनी ईसीजी उलटासुलटा पाहून
टेन्शन घेऊ नका म्हटलं, जणू मी ते
दुकानातून पिशवीत घालून घेत होते.

आणि हा कुणी
मेंदूच्या बुडाशी बसलेला राखणदार,
वास आला की भुंकणारा.
बंद लिफ्ट, कॉफीचा दुसरा कप,
पाळीच्या आधीचे चार दिवस,
चढावर पोटऱ्यांत साठलेलं आम्ल,
त्याच्या लेखी सगळं एकच: बुडतेय, उठा.
त्याचा आता राग येत नाही.
थोडा येतो.

बाहेर फुटपाथवर बर्फाचा चिखल.
गालावर मास्कचा वळ.
ट्रामचा स्टॉप वर, यशोधन दहा पावलं पुढे,
आणि छातीत सुरू झालंच.
कुणाच्या तरी कुंपणाचा गार गज धरून
मी हळूच म्हटलं,
चढ आहे रे. नुसता चढ आहे.

यशोधन वळला. मला म्हणालीस?
तुला नाही, म्हटलं.

गोटी जरा हलली असावी.
ट्राम मात्र गेली.